तळमजल्यावरचा बंद ब्लॉक

“आज तुम्ही विचारलं नाहीत, तर मी विचारणार,” सुलक्षणा जिन्यातच म्हणाली.

लवू, तिचा नवरा, खाली मान घालून पायऱ्या चढत राहिला. मुलुंडच्या ज्या सोसायटीत दोघांनी एकोणतीस वर्षं काढली, तिथे सव्वीस जानेवारीचा सत्यनारायण होता आणि आज ते पाहुणे म्हणून आले होते. पाहुणे! सुलक्षणाला हा शब्द सकाळपासून टोचत होता.

दोन वर्षांपूर्वी लवू रिटायर झाला, इथलं घर विकलं आणि तळकोकणात, आपल्या तालुक्याच्या गावी बंगली बांधून मोकळा झाला. सोसायटीनं निरोपाला शाल-नारळ दिला, तेव्हा हा पठ्ठ्या माइक हातात घेऊन काय म्हणाला? “बसा तुम्ही इथे धूर खात. मी आता मुंबईचं तोंड बघणार नाही!” टाळ्या काय पडल्या!

एवढं बोलून बसल्यावर परत कुठल्या तोंडानं येणार? मग रोज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर लवूचा फोटो. कधी फणस, कधी खाडी, कधी मोकळा रस्ता. खाली लिहिलेलं, ‘हेच खरं जगणं.’ फोटो टाकून झाला की माणूस दिवसभर पडवीत कपाळाला हात लावून बसायचा. ते काही ग्रुपवर दिसत नव्हतं.

रस्ता मोकळा होता, कारण रस्त्यावर कुणी नव्हतंच. संध्याकाळी सातला बाजार बंद. शेजारीण वाटीभर साखर मागायलासुद्धा यायची नाही. दोन वर्षं झाली तरी भाजीवालीचं आपलं तेच, “काय चाकरमान्यांनू, परत कधी जातलास?” अगं बाई, आम्ही इथेच राहतो, हे सांगून सांगून सुलक्षणा थकली. भाजीवाली नुसती हसायची. लवू जन्मला त्याच तालुक्यात, पण मुंबईला गेलेला तो गेलेलाच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

आणि श्रावणात भर दुपारी लवूच्या छातीत कळ आली. गावातल्या डॉक्टरनं हात लावला नाही. “इथे काही सोय नाही, गोव्याला न्या,” म्हणाला. भाड्याच्या जीपमध्ये नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन सुलक्षणा दोन तास देवाचं नाव घेत बसली. वाचला, तिचं नशीब. आठ दिवसांनी ग्रुपवर पुन्हा खाडीचा फोटो!

“अहो, लाज नाही वाटत? खरं का नाही सांगत?” ती तेव्हा कडाडली होती.

“गप रव गो. हसतील.”

“हसू देत की!”

पण नवऱ्याचं हसं म्हणजे आपलंही हसं. तीही झाकत राहिली. कुणाचा फोन आला की ‘मजेत आहोत’ म्हणायचं आणि विषय बदलायचा.

आता बास झालं होतं. दुसऱ्या मजल्यावरचा नंदकिशोर हा लवूचा जिगरी. त्याचा तळमजल्यावर एक जास्तीचा ब्लॉक होता, वर्षानुवर्षं कुलूप लावलेला. तो भाड्यानं मिळाला की सुटलो. समोर दवाखाना, कोपऱ्यावर भाजी, संध्याकाळी बाकावर गप्पांना बायका. सुलक्षणाला फार काही नको होतं, एवढंच हवं होतं.

यंदा पूजेला नंदकिशोर आणि त्याची बायको मृणालिनीच बसली होती. मृणालिनीचं गेल्या वर्षी बायपासचं ऑपरेशन झालेलं, म्हणून तिला पाटाऐवजी स्टूल. आरती झाली. लवू शिऱ्याचा द्रोण हातात धरून चपलांच्या ढिगाकडे बघत उभा राहिला. नंदकिशोरनं येऊन त्याला कडकडून मिठी मारली.

“काय रे लवू, एकदम झकास! हवा मानवली तुला.”

“हो ना,” लवू म्हणाला.

सुलक्षणाच्या डोक्यात तिडीक गेली. अर्धा झालाय माणूस, आणि म्हणे झकास!

“भावोजी, तुमचा तो खालचा ब्लॉक आम्हाला भाड्यानं द्या,” ती सरळ म्हणाली. “आम्हाला परत यायचंय. हे फोटो टाकतात ना, सगळ्या थापा. तिथे बोलायला माणूस नाही, धड डॉक्टर नाही. हे श्रावणात जाता जाता वाचले, तेसुद्धा लपवलं आम्ही.”

सुटलं एकदाचं! लवू चिडेल असं तिला वाटलं होतं. पण तो खाली मान घालून पुटपुटला, “खरं आहे नंदू. मला मुलुंडला यायचंय रे.”

नंदकिशोरचा चेहरा पांढराफटक पडला. “वहिनी, मस्करी करताय ना?”

“देवासमोर मस्करी करीन का मी?”

“अहो, खालचा ब्लॉक विकला. वरचाही विकला. आज प्रसादानंतर तुम्हाला सरप्राइज देणार होतो. तुमच्याच गावात घर घेतलंय आम्ही, स्टँडच्या मागे. सामानाचा टेम्पो सकाळी निघालासुद्धा.”

सुलक्षणा नवऱ्यावर उसळली. “बघा! बघा, तुमच्या फोटोंनी काय करून ठेवलं! वाट लावलीत यांची. मृणालिनीला काही झालं, तर कुठे नेणार तिथे?”

मृणालिनी स्टुलावरून उठली, सावकाश जवळ आली. तिनं सुलक्षणाचा हात धरला.

“त्यांना कशाला बोलतेस गं? लवूभावोजींच्या फोटोंना आम्ही हसायचोच. मी तर जायला तयारच नव्हते. म्हणून दिवाळीत तुला एकटीला फोन केला, माझ्यासारखीसाठी डॉक्टर आहे का हाताशी, म्हणून विचारलं. तू ‘आहे’ म्हणालीस, तेव्हा मी सही केली.”