सतरा टाचण्या

सतरावी टाचणी भिंतीवरच्या नकाशात मुकल्ला बंदरावर बसेना. भिंतीत नेमका तिथेच खडा असावा. नुहाने अंगठ्याने जोर दिला तशी ती एकदाची घुसली. तिच्यात ओवलेला लाल कागदी बाण गर्रकन फिरला.

"टोक इकडे करा, बाई," डॉक्टर मुतसिम मागून म्हणाले. "अम्मानकडे."

नुहाने बाण वळवला. आधीच्या सोळांची टोकंही अम्मानकडेच रोखलेली होती. एक टाचणी म्हणजे कुठल्याच औषधाला दाद न देणारा जंतू ज्याच्या जखमेत सापडला, असा इस्पितळातला एक जखमी. त्याचं गाव नकाशावर जिथे, तिथे टाचणी. ही डॉक्टरांची पद्धत. तो जंतू कुठून कुठून येतो, हे एका नजरेत दिसावं म्हणून. परदेशी पाहुणे आले की डॉक्टर त्यांना इथे उभं करत. "चहूकडे वणवा," ते म्हणत, "आणि आमचा उंबरठा बघा." अम्मानवर टाचणीचं साधं भोकसुद्धा नव्हतं.

"उद्याच्या विमानाने मुकल्लाच्या त्या कोळ्याला घरी पाठवतोय," डॉक्टर म्हणाले. " मांडीत हाड बसवायचं होतं, पण असल्या जंतूवर हाड कोण बसवणार? आधीच्या सोळांना पाठवलं, तसाच हाही जाईल."

नुहा प्रयोगशाळेत बावीस वर्षं होती. माणसांना ती त्यांच्या नमुन्यांच्या नळ्यांवरून ओळखे. पण जाण्याआधी जखमेचा नमुना घ्यायला त्या दिवशी दुसरं कोणी तयार होईना, म्हणून तीच हातमोजे चढवून कोपऱ्यातल्या खोलीकडे गेली. दाराबाहेर स्टुलावर जेवणाचं ताट निवत पडलं होतं. तिने ते उचलून आत नेलं.

"वा, मावशी! म्हणजे ताट माणसंच आणतात तर," खाटेवरचा अवद म्हणाला. "मला वाटलं, भूत ठेवून जातं."

सव्वीस वर्षांचा पोरगा. जाळ्यात मासळीऐवजी सुरुंग आला आणि मांडी फुटली.

"तुमच्या अम्मानची काय कीर्ती ऐकली होती! पाहुण्याला नाव विचारायच्या आधी कॉफी देतात म्हणे. माझं नाव एव्हाना सगळ्या इस्पितळाला पाठ झालं, कॉफी मात्र अजून वाटेतच आहे."

नुहाला हसू आलं. तिने आपल्या थर्मासमधली वेलचीची कॉफी आणली. अवद तीन कप प्याला, मग पुरे म्हणून त्याने रिकामा कप हलवून दाखवला. तो परत देताना मात्र त्याचा चेहरा उतरला.

"हा जंतू मी नाही आणला, मावशी."

"कोणी काही म्हणतंय का तुला?"

"तो बाण म्हणतोय ना. झाडूवाल्याने सांगितलं मला. आईने जखम मिठाच्या पाण्याने धुऊन, बोरीचा मध लावून बांधून दिली होती. कसला वास नव्हता की काही नव्हतं. माझी आई गावची दाई आहे. अर्धं गाव तिच्या हातात जन्मलंय. तिला काय सांगू? तुझ्या हातची घाण परमुलखात पोचली म्हणून?"

नुहाने नमुन्याच्या नळीचं झाकण गरजेपेक्षा जास्त घट्ट लावलं. "घरी पट्टी कोण बदलणार?"

"आईच. बायकोचेही दिवस भरलेत. एका हातात नातवंड, दुसऱ्या हातात माझी तंगडी!" तो हसला. "बाळाला घेतलं तर चालेल ना?"

"हात धुऊन घे," नुहा म्हणाली. बातमी कळव म्हणून तिने त्याला आपला नंबरही दिला.

परत आल्यावर ती फ्रीजरपुढे थोडा वेळ उभी राहिली. जखमी आला त्याच दिवशी त्याचा नमुना घेऊन गोठवून ठेवायचा, असा नियम होता. तपासायचा नियम नव्हता. लढाईच्या मुलखातून माणूस काय घेऊन येतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात तपासायचं काय? ताप चढला की नवा नमुना घेत, त्यात जंतू सापडे, आणि टाचणी लागे.

तिने अवदची पहिल्या दिवशीची नळी काढली आणि त्यातला नमुना काचेच्या बशीत वाढायला ठेवला. जिचं तोंड कधी दिसणार नाही अशा एका म्हातारीखातर एवढं करायला हरकत नव्हती.

सकाळी अवद गेला. तिसऱ्या दिवशी बशीत कातडीवरचे साधे जंतू छान उगवून आले होते. म्हणजे नमुना जिवंत होता. औषधांना दाद न देणारा तो जंतू मात्र त्यात कुठेच नव्हता.

नळीवरचं नाव तिने तीनदा वाचलं. अक्षर तिचंच होतं. मग तिने उरलेल्या सोळा नळ्या बाहेर काढल्या.

"फ्रीजर साफ करताय की काय, बाई?" डॉक्टरांनी जाता जाता विचारलं.

"बघतेय," नुहा म्हणाली.

सोळा बशा बघायच्या होत्या त्या सकाळी फोन वाजला. अवदने फोटो पाठवला होता. सुरकुतलेल्या दोन हातांत लालबुंद तान्हं. खाली लिहिलं होतं: मुलगी झाली. हात धुऊनच घेतली. आईची नुसती धावपळ आहे. या आठवड्यात गावात चार बाळंतपणं, वर रोज माझी पट्टी.

नुहाने फोन पालथा ठेवला. एकेक बशी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. मग पुन्हा पहिलीपासून. सोळांतल्या एकीतही तो जंतू नव्हता.

ती नकाशापुढे जाऊन उभी राहिली. सगळ्या टाचण्या उपटून अम्मानवर खोचाव्यात म्हणून तिने मुकल्लाच्या टाचणीला हात घातला, आणि तिथेच थांबली. सतराही जण इथला जंतू घेऊन आपापल्या गावी पोचलेले होते.

टाचणी तिने होती तिथेच राहू दिली. बाण तेवढा उलटा फिरवला, आणि पुढच्या टाचणीच्या बाणाकडे वळली.