बाहेरची कडी

फटाके वाजले की रेश्माचा सतरा वर्षांचा स्वमग्न मुलगा, रविराज, कान दाबून किंचाळायचा. म्हणून दिवाळीची भेट तिनंच भावाला सुचवली : आवाज अडवणारे हेडफोन.

"न्हाई," रविराज मामाला म्हणाला. "मधल्या खोलीला कडी. बाहेरून."

"आरं शहाण्या, मग तूच आत अडकशील की!" मामा हसला, पण कडी बसवून पाथर्डीला परतला.

पाडव्याला नवरा पिऊन आला. मधल्या खोलीत त्यानं रेश्माच्या हातातलं ओवाळणीचं ताट लाथेनं उडवलं आणि पट्टा काढला. दुसऱ्या फटक्यात तिचं कपाळ फुटलं. कुणाचा स्पर्शही न सोसणाऱ्या रविराजनं तिचा दंड धरला, तिला बाहेर ओढलं आणि कडी घातली.

आतून दारावर लाथा बसू लागल्या. रविराज कान गच्च दाबून उभा होता.

"आई," तो म्हणाला, "आता नुसता आवाज हाय."