गोळ्या बंद

लग्नानंतर वर्षभरात दाक्षायणीच्या डोक्यावरचे सगळे केस गेले आणि नवऱ्यानं तिला मैंदर्गीला माहेरी सोडलं. पुढं सोलापुरात सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात केसगळतीवरच्या नव्या औषधाची चाचणी सुरू झाली, त्यात तिनं नाव नोंदवलं. केस खांद्यापर्यंत आले, तसा नवराही न्यायला आला. आज तपासणीत ती गरोदर निघाली. “या गोळ्यांनी बाळाला अपाय होऊ शकतो, आजपासून बंद,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “अन् केस?” “बहुतेक पुन्हा जातील.” बाहेर गाडीपाशी उभ्या नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं. तो तिच्या वेणीकडं बघत राहिला. “पोरं काय, मागनं बी व्हतील की,” तो म्हणाला, “ह्ये पाडून टाक. गोळ्या सोडू नको.” दाक्षायणीला त्याच्याकडं बघवेना. त्यानं गाडी चालू केली, तरी ती मागं बसली नाही. चालत स्टँडवर गेली अन् मैंदर्गीच्या एसटीत चढली.