नव्या भिंतीवरचा हात

वाळवंटातल्या नव्या वसाहतीत घराचा ताबा देताना इंजिनिअरने यशोधनला एकच अट घातली होती: ओला हात भिंतीला लावायचा नाही. जिवाणू वाढवून उभारलेल्या त्या भिंती हवेतली ओल शोषून नळाला देत. पहिले पाणी यायला मात्र आठवडा लागणार होता.

"डागांची काळजी असेल त्याला," असे म्हणून मृणालने बाटलीतल्या उरलेल्या पाण्यात कुंकू कालवले. गृहप्रवेशाला सुनेचा पंजा भिंतीवर उमटायलाच हवा, असे सासूबाईंचे फोनवरून फर्मान होते. "आणि चिपळूणला भिंतींना ओल येते म्हणून तूच रडायचास ना?"

तिने तळवा टेकवला. तो सुटेना.

आधी ती हसली. मग बोटे सुरकुतली, मनगट काळे पडले आणि कातडी हाडाला चिकटत कोपराच्या दिशेने सुकत चालली. यशोधनने तिला कमरेला धरून ओढले, तेव्हा तिचा खांदा निखळला. नारळासाठी आणलेला कोयता त्याने उचलला.

"कोपराच्या वर," मृणाल म्हणाली. "नीट मार रे."

त्याला दोन घाव घालावे लागले. पंचा आवळून बांधल्यावर रक्त थांबले आणि त्याने रुग्णवाहिका बोलावली.

"पाणी दे," ती पुटपुटली.

बाटली कुंकवातच संपली होती. स्वयंपाकघरात मात्र नळ वाहू लागला होता. पाणी नितळ होते. ते कुठून आले, हे यशोधनला नेमके ठाऊक होते. त्याने पेला भरून तिच्या ओठांना लावला.

मृणालने तो एका दमात संपवला आणि आणखी मागितले.