चार बोटं

कोपरीतलं आमचं जुनं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, त्यामुळे उन्हाळ्यात नुसती भट्टी. त्यात स्लॅबचे पोपडे रोज चादरीवर पडायचे. ते झाडायचे आणि पलंग जरा बाजूला सरकवायचा, हे आईचं सकाळचं पहिलं काम.

एप्रिलमध्ये मी स्लॅबखाली थर्माकोल घालून फॉल्स सीलिंग करून घेतलं. घर गार झालं. "जयेश, बघ ना, आता काहीच पडत नाही रे!" म्हणत आईने पलंग परत मधोमध घेतला.

आज दुपारी ती तिथेच गाढ झोपलेली. मी त्याच खोलीतल्या कपाटावरची बॅग काढायला गेलो. सीलिंग झाल्यावर ठेवली, तेव्हा बॅगेच्या वर चार बोटं जागा होती.



बॅग हलेना. सीलिंग तिच्यावर टेकलं होतं.