ताळूला तेल

चौथ्यांदा दगड आपटला, तरी वाडीच्या फाटकाचं कुलूप ढिम्म हललं नाही. रामनाथभाऊंचा अंगठा मात्र ठेचला. शेजारी व्याही धनेशभाई उभे होते, उंबरगावहून खास चिकूची वाडी बघायला आलेले. लग्न ठरताना भाऊंनी त्यांना याच वाडीच्या गप्पा ऐकवल्या होत्या. मागच्या बाजूने वाट होती, पण गुडघाभर चिखलाची. पावसाळाभर भाऊ तिथूनच ये-जा करत होते. व्याह्याला तिथून नेणार कसं? अब्रूचं खोबरं व्हायची वेळ आली.

बायको चंपा आणि सून निधी मागे उभ्या होत्या. खाऱ्या वाऱ्याने कुलूप गंजून लाल झालं होतं. चावी अर्धी आत जाई आणि अडून बसे.

धनेशभाईंनी वाकून पाहिलं, मग लेकीला विचारलं, "निधी, आ ताळामां तेल नथी नाख्युं?"

"मी सांगितलेलं ना बाबांना!" निधी सासऱ्यांकडे बघत म्हणाली. "पावसाच्या आधीच. ताळूला रोज तेल घाला, नाहीतर जाम होईल!"

भाऊंच्या हातातला दगड गळून पडला.

गुजरातीत ताळू म्हणजे कुलूप, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण नवी सून मराठी बोलायची धडपड करतेय, म्हणून तिच्या 'ताळू'चा 'टाळू' त्यांनी मोठ्या मनाने स्वतःच करून घेतला होता. सासऱ्याच्या डोक्याची केवढी ही काळजी! तेव्हापासून रोज सकाळी खोबरेल टाळूवर जिरवल्याशिवाय ते घराबाहेर पडले नव्हते. अर्ध्या डहाणूला सुनेचं कौतुक सांगून झालं होतं. आणि काळजी होती ती कुलपाची. भाऊंना फार वाईट वाटलं.

ओशाळून ते टक्कल चोळू लागले. बोटं तेलकट झाली. काय वाटलं कोण जाणे, तीच त्यांनी चावीला पुसली, चावी कुलपात घातली आणि हलकेच फिरवली. तिसऱ्या खेपेला कुलूप खट्‌कन सुटलं. धनेशभाई खुशीत आत शिरले.

निधीच्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला. "आई, तुम्ही रोज बघत होता. बाबांना सांगितलं का नाही?"

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," भाऊंच्या देखतच चंपा म्हणाली. "पण तेल लावायला लागल्यापासून ह्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. कुलूप काय गं, बाजारात कुठेही मिळतं. थंड डोक्याचा नवरा मला तीस वर्षांत पहिल्यांदाच मिळाला."