वहिनींच्या तीन पॉवर

“वेग,” वहिनी म्हणाल्या. “मला पळणारा व्हिलन हवा.”

“नवशिक्यानं वेगाच्या नादी लागू नये, वहिनी. भिंतीवर आपटाल,” भाऊजी म्हणाले.

सरावाच्या डावातच वहिनी आपटल्या. पडद्यावरचा त्यांचा राक्षस दणादण धावत गेला आणि भिंतीला नाक लावून जागच्या जागी पाय मारत राहिला. इकडे वहिनींचा उजवा पाय टेबलाखालची फरशी जोरजोरात दाबत होता. शिलाई मशीनच्या पॅडलची सवय, दुसरं काय!

वहिनींचं शिवणकामाचं दुकान आणि धाकट्या दिरांचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान, मध्ये एकच भिंत. संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं की वहिनी कात्री खाली ठेवायच्या आणि भाऊजींकडे राक्षस व्हायला यायच्या.

खेळ तसा सोपा होता. बंद पडलेल्या हॉटेलात चौघं जण दडायचे नाहीतर पळायचे. पाचवा व्हिलन. त्याला कुणाचं नाव दिसायचं नाही की आवाज ऐकू यायचा नाही. पण एखाद्याला पकडलं की त्या दोघांचे माइक सुरू व्हायचे आणि तळघरापर्यंत नेईस्तोवर बोलता यायचं.

वहिनींना तेवढंच हवं होतं.

त्यांच्या मुलीनं पक्की नोकरी सोडून दुसऱ्या शहरात सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. “मग आता फोनसुद्धा करू नकोस,” असं वहिनी रागाच्या भरात बोलून गेल्या आणि पोरीनं ते शब्दशः पाळलं. वहिनींनीही केला नाही. दोघी एकाच ताग्यातल्या. काकांबरोबर मात्र ती रोज हा खेळ खेळायची, मित्रमैत्रिणींना घेऊन.

“सरळ फोन करा की,” भाऊजी म्हणाले.

“मी? मुळीच नाही. हा काय फोन आहे? हा खेळ आहे. खेळता खेळता सापडली, तर बोलेन दोन शब्द.” वहिनींनी चष्मा वर सरकवला. “मी आहे हे तिला सांगितलं नाहीत ना?”

“छे! मी कशाला सांगू?” भाऊजी कंप्युटरमागच्या वायरी निरखत म्हणाले. “बरं, तीन पॉवर घेता येतात. नवशिक्यानं काय घ्यावं, सांगतो. चाहूल घ्या, म्हणजे पावलं ऐकू येतील. सापळा घ्या, पाय अडकला की माणूस आपोआप हाती लागतो. आणि तिसरी कपाटाची. कपाटात कुणी असलं की ते लाल दिसतं. उघडायचं, झालं काम. व्हिलननं पळायचं नसतं, वहिनी.”

“माझी मुलगी आणि कपाटात? लहानपणी धपाटा बसायची वेळ आली की ही थेट रस्त्यावर पळायची. लपणं तिच्या रक्तातच नाही. कपाट काढा, वेग घाला.”

भाऊजींनी वेग घातला.

चौघांत एक पिवळी टोपी होती. काय पळायची! जिने, गच्ची, पुन्हा जिने. वहिनींनी पहिल्याच डावात ओळखलं की हीच आपली. रोज त्या तिच्यामागे धावायच्या आणि रोज भिंतीवर आपटायच्या. पण मजा यायला लागली होती. “थांब गं भवाने!” अशी आरोळी एकदा इतकी चढली, की बाहेर रस्त्यावरची एक बाई दचकून थांबली.

वाटेत हॉटेलचं स्वयंपाकघर लागायचं. तिथल्या कपाटाच्या दारात लाल मफलरचं टोक अडकलेलं असायचं. कापड म्हटलं की वहिनींची नजर तिथं जाणारच.

“बघा, लपलंय आणि मफलर बाहेर! आपल्यासारखंच नवखं दिसतंय बिचारं.”

“मग धरा की!”

“नको हो. नवशिक्यानं नवशिक्याला काय धरायचं? राहू दे.”

भाऊजींनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही मफलर तिथंच. “रोज एकाच जागी! कुणीतरी शिकवा रे त्याला,” असं म्हणून वहिनी पुढं धावल्या.

आणि एकदाची पिवळी टोपी सापळ्यात अडकली. वहिनींनी काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

“बरी आहेस ना गं?” त्या कशाबशा म्हणाल्या.

“बरा आहे, मावशी,” पलीकडून घोगरा आवाज आला. “फक्त सर्दी झालीय.”

भाऊजी हसता हसता स्टुलावरून घसरले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्यांना फार वाईट वाटलं, रडूच यायला लागलं.

“मी आहे हे कळलं असणार तिला. म्हणून ती येतच नाही. तिला माझ्याशी बोलायचंच नाहीये, भाऊजी.”

“एक डाव. शेवटचा.” भाऊजींनी हेडफोन पुन्हा त्यांच्या हातात दिला. “पण आज पॉवर मी निवडणार. नवशिक्याच्या.”

वेग गेला, कपाट आलं. वहिनींचा राक्षस हळूहळू चालत निघाला. पहिल्यांदाच तो कुठं आपटला नाही. पिवळी टोपी समोरून पळून गेली, वहिनींनी तिच्याकडे पाहिलंही नाही. स्वयंपाकघरातलं कपाट लालभडक दिसत होतं, दारात तोच मफलर.

“पुन्हा हेच ध्यान! एवढे दिवस सोडलंय, आज तरी कशाला धरू?”

“वहिनी,” भाऊजी या खेपेला हसत नव्हते. “उघडा.”

वहिनींनी दार उघडलं. माइक सुरू झाल्याची खूण आली. आतलं माणूस पळालं नाही की ओरडलं नाही.

“किती गं वेळ लावलास, आई! पहिल्या दिवसापासून मफलर बाहेर ठेवून उभी आहे मी.”